दहापैकी किती?

शनिवार सकाळ, कराडचं घर. पहिला मजला, लिफ्ट नाही. जिन्याला १८ पायऱ्या, मधे एक वळण. आप्पा सगळ्यात वरच्या पायरीवर उभे, मी त्यांच्या दोन पायऱ्या खाली (पडलेच तर झेलायला, म्हणजे खरं तर दोघांनी मिळून पडायला), आणि आई दारात.

"आप्पा, दहापैकी किती?"

"कशाचे?"

"कुणी न धरता खाली उतरता येईल याची किती खात्री वाटते? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पक्की."

आप्पांनी पायऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "पास व्हायला किती लागतात?"

इथे नेहमी येणाऱ्यांना माहितीय की मी वीकेंडला एकतर सॉफ्टवेअरवर लिहितो नाहीतर खादाडीवर. गेले सात महिने काहीच लिहिलं नाही. गेल्या वर्षी दिवाळी संपली आणि आठ दिवसांत आप्पांना स्ट्रोक आला. वय ६१. एसटीत ३३ वर्षं काढलेला माणूस, शेवटची बारा वर्षं वाहतूक नियंत्रक, म्हणजे स्टँडवरच्या त्या खिडकीत बसून "सातारा गाडी लागली का?" या प्रश्नाला दिवसातून दोनशे वेळा न चिडता उत्तर देणारा. सकाळी झोपेतून उठले तेच डावा हात-पाय लुळा, बोलणं जड. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. पण सुरू कधी झाली? रात्री अकराला झोपले तेव्हा ठीक होते, सकाळी सहाला नव्हते. मधे कधीतरी. ते इंजेक्शन मिळालं नाही. असो, तो विषय मी मनात हजार वेळा उगाळलाय, इथे नको.

अकरा दिवसांनी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर आकडेच आकडे. एनआयएचएसएस स्कोअर ११, हा शून्य ते ४२ मधे असतो, जास्त म्हणजे वाईट. मॉडिफाइड रँकिन ४, म्हणजे मदतीशिवाय चालता येत नाही. बार्थेल इंडेक्स ४५. हा बार्थेल १९६५ सालापासून वापरात आहे. जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिना वगैरे दहा गोष्टी, एकूण गुण १००. मी आकड्यात रमणारा माणूस. तीन-तीन स्केल बघून मला जरा धीरच आला. च्यायला, निदान डॅशबोर्ड तरी आहे! हा आकडा वर न्यायचा, तो खाली आणायचा. प्रोजेक्ट प्लॅन तयार.

एक आकडा त्यात नव्हता, आणि पुढचे सगळे महिने आम्ही त्याच्याभोवतीच फिरलो. आप्पांना स्वतःला काय वाटतं? हे आपल्याला जमेल असं वाटतं का?

यावर अभ्यास झालेला आहे, आणि चांगला जुना आहे. अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, जन्म कॅनडातला, आयुष्यभर स्टॅनफर्डला शिकवलं, २०२१ साली वारले. त्यांनी १९७७ मधे एक लेख लिहिला आणि 'सेल्फ-एफिकसी' हा शब्द रूढ केला. त्यांचे प्रयोग सापाला घाबरणाऱ्या लोकांवरचे. पायऱ्या ठरवलेल्या असायच्या: सापाच्या पिंजऱ्याजवळ जाणं, हात लावणं, उचलणं, मांडीवर घेणं. प्रत्येक पायरीबद्दल आधी विचारायचं, हे तुम्हाला करता येईल याची किती खात्री आहे? आणि मग प्रत्यक्ष करून घ्यायचं. लोक जी पायरी जमेल म्हणाले आणि त्यांनी जी खरंच केली, यांचा मेळ चांगला बसला. दुसरी गोष्ट अशी दिसली की ज्यांनी मदत घेऊन का होईना, स्वतः साप हाताळला त्यांची खात्री नुसतं दुसऱ्याला हाताळताना बघणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली.

बांडुरांच्या मते ही खात्री चार वाटांनी येते. स्वतः करून पाहिलेलं काम, ही सगळ्यात मोठी वाट. मग आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना बघणं. मग विश्वासातल्या माणसाने "तुला जमेल" असं सांगणं. आणि शेवटी आपलं शरीर आपल्याला काय सांगतंय ते, म्हणजे छातीतली धडधड, थकवा, पायातला कंप.

मराठीत याला पुस्तकी प्रतिशब्द बरेच काढता येतील, पण 'आत्मविश्वास' म्हणून सोडून देऊ नये असं माझं मत आहे. आत्मविश्वास ही माणसाची प्रकृती झाली. इथे प्रश्न एका ठरावीक कामाचा आहे. आणि त्यासाठी आपल्याकडे इतकी सुंदर क्रियापदं आहेत की मला बांडुरांची कीव आली :-) 'येतं' म्हणजे शिकलेलं आहे. 'जमतं' म्हणजे प्रत्यक्ष होतं. 'झेपतं' म्हणजे त्याचं ओझं सोसतं. आणि 'धजतो' म्हणजे करायला मन तयार होतं. आप्पांना जिना उतरता येत होता, फिजिओ मॅडमसमोर जमतही होता, पण घरी ते धजत नव्हते. कार्डावरचे आकडे फार तर पहिल्या दोन क्रियापदांपर्यंत पोचतात.

स्ट्रोकच्या पेशंटसाठी खास प्रश्नावली आहे. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्ट फिओना जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००८ मधे प्रसिद्ध केली. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दहा. अंथरुणात नीट आडवं होणं, दमलेलं असतानाही स्वतः उठणं, घरात चार पावलं चालणं, बाहेर चालणं, कपडे घालणं, स्वतःसाठी जेवण बनवणं. पुढचे प्रश्न निराळे आहेत: रोज आपला व्यायाम आपण करणं, थेरपी संपल्यावरही नेटाने पुढे जाणं, जे जमत नाही त्याची चिडचिड सांभाळणं. मला ही दुसरी यादी जास्त आवडली. घरी आणल्यावर पेशंटचं भवितव्य त्या यादीवर ठरतं आणि तिच्याबद्दल आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं.

"दमलेलं असतानाही" हे शब्द महत्त्वाचे आहेत बरं का. बांडुरांनी २००६ मधे अशी स्केल कशी बनवायची यावर एक मार्गदर्शिका लिहिली. त्यातला मुद्दा असा की प्रश्नात अडथळा नसेल तर सगळेच पैकीच्या पैकी देतात आणि स्केल कुचकामी होतं. "व्यायाम कराल का?" हो करीन. "पाहुणे आलेत, पाऊस पडतोय, रात्री झोप झाली नाही, तरी व्यायाम करता येईल का?" आता बोला. त्यांचा दुसरा आग्रह असा की "कराल का" विचारू नये, "करता येईल का" विचारावं. पहिला प्रश्न इराद्याचा आहे, दुसरा क्षमतेच्या अंदाजाचा. आमच्या स्प्रिंट प्लॅनिंगमधे हा घोळ दर पंधरा दिवसांनी होतो. मॅनेजर विचारतो, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" आपण "हो" म्हणतो. तो अंदाज नसतो, ती नम्रता असते.

तर मी एका रविवारी जेवणानंतर तेरा प्रश्नांचं घरगुती मराठी केलं. (खरं भाषांतर असं होत नसतं. दोन जणांनी वेगवेगळं करायचं, तिसऱ्याने उलटं इंग्रजीत आणायचं, मग पेशंटवर तपासायचं, अशी मोठी प्रक्रिया असते. माझं आपलं डायनिंग टेबलवरचं भाषांतर.) आणि लगेच फजिती झाली.

जेवताना दोन्ही हात वापरता येतील का, असा एक प्रश्न आहे. काटा-चमच्याच्या देशात तो ठीक आहे. आप्पा म्हणाले, "डावा हात ताटाला लावला तर माझ्या आईने पाठीत धपाटा घातला असता." आता याला किती गुण देऊ? त्यांचा उजवा हात शाबूत आहे, एका हाताने भाकरी मोडून जेवतात. या प्रश्नाला ते दहा देणार आणि त्यांच्या डाव्या हाताबद्दल मला काहीही कळणार नाही. मी तो बदलून मटार सोलणं केला. त्यावर दोन आले. खरं उत्तर तेच होतं.

पुढचा प्रश्न, स्वतःसाठी आवडीचं जेवण बनवता येईल का. आई स्वयंपाकघरातून जोरात हसली. या माणसाने ३३ वर्षांत चहाच्या पुढे मजल मारलेली नाही. शून्य दिलं तर ते शून्य स्ट्रोकचं नाही, आमच्या घराच्या रीतीचं आहे. उलट मांडी घालून जमिनीवर बसणं आणि तिथून उठणं, गावच्या घरी भारतीय संडास वापरणं, एसटीची पहिली उंच पायरी चढणं, याबद्दल प्रश्नावली गप्प. आप्पांच्या जगात हे प्रश्न जेवण बनवण्यापेक्षा दहापट मोठे आहेत.

म्हणून स्केल टाकाऊ आहे असं मी म्हणत नाहीये. सेल्फ-एफिकसी कामागणिक वेगळी असते हे बांडुरांनी सुरुवातीपासून सांगितलं, आणि कामं तर घरागणिक वेगळी असतात. परदेशी स्केल जसंच्या तसं वापरून आलेला आकडा दोन देशांच्या तक्त्यात शेजारी शेजारी मांडणं मला धाडसाचं वाटतं. (सर्वसाधारण सेल्फ-एफिकसीचं दहा प्रश्नांचं एक स्केल आहे, १० ते ४० गुणांचं, जगभर वापरतात. पण "अडचणीतून मी मार्ग काढतो" छाप प्रश्नांनी जिन्याबद्दल काय कळणार?)

शून्य ते दहाचंही एक गमतीशीर प्रकरण आहे. २०१४ मधे याच स्ट्रोक प्रश्नावलीची आकडेशास्त्रीय फेरतपासणी झाली, रॅश मॉडेल म्हणतात त्या पद्धतीने. शेवटी अकरा खुणांच्या जागी चारच ठेवल्या, शून्य ते तीन. तेरा प्रश्नांचे गटही दोन केले, आठ हालचालींचे आणि पाच स्वतःला सांभाळण्याचे. ज्यांनी कधी स्टोरी पॉइंट्स दिलेत त्यांना हे वाचून अजिबात आश्चर्य वाटणार नाही. सहा आणि सात यात फरक आहे असं फक्त सहा-सात लिहिणाऱ्यालाच वाटतं.

आता गंभीर भाग.

घरी आणल्यानंतर पाचव्या आठवड्यात आप्पा पडले. रात्री दोनला कुणाला न उठवता बाथरूमला निघाले. कपाळाला चार टाके. त्याच संध्याकाळी मी फोनवर गमतीत विचारलं होतं, "एकटे उठू शकाल का?" आणि उत्तर आलं होतं, "दहा. त्यात काय?" मला तेव्हा केवढा आनंद झाला होता! मी ऑफिसात मित्राला सांगितलंसुद्धा, की म्हातारा एकदम पॉझिटिव्ह आहे.

तो पॉझिटिव्हपणा नव्हता. मेंदूची उजवी बाजू दुखावली की काही पेशंटना आपल्यात काही बिघडलंय हेच पुरतं जाणवत नाही. पायाच्या तळव्याला ओरखडा मारून बघतात ती चाचणी ज्यांच्या नावाची आहे, त्या बाबिन्स्कींनी १९१४ मधे याला नाव दिलं, अ‍ॅनोसोग्नोसिया. आप्पांचं इतकं टोकाचं नव्हतं. पण आठवून बघितलं तर खुणा होत्या. ताटातली डाव्या बाजूची कोशिंबीर आणि चटणी रोज तशीच राहायची. आई म्हणायची, यांची चव गेली. चव गेली नव्हती, ताटाची डावी बाजू गेली होती.

म्हणजे सेल्फ-एफिकसीचा आकडा जास्त असणं नेहमीच चांगलं असतं, हे डोक्यातून काढून टाकायला हवं. आकडा खरा असणं चांगलं. आणि ज्यांची भाषाच गेलीय, वाचाघात झालाय, त्यांना तर हे तेरा प्रश्न विचारताही येत नाहीत. आम्ही त्या बाबतीत नशीबवान.

पडल्यानंतर चित्र पूर्ण उलटलं. दहाचे तीन झाले. अंगात ताकद येत होती, फिजिओ मॅडम खूश होत्या, पण आप्पा खुर्चीतून हलेनात. येल विद्यापीठातल्या मेरी टिनेट्टी यांनी १९९० मधे म्हाताऱ्या माणसांसाठी फॉल्स एफिकसी स्केल बनवलं. "पडायची भीती वाटते का?" असं हो-नाही विचारण्यापेक्षा, अमुक काम न पडता करता येईल याची किती खात्री आहे, असं दहा कामांबद्दल विचारलं. भीतीकडे असं बघितलं की ती मोजता येते आणि कुठल्या कामापाशी अडलीय ते दिसतं. आप्पांची भीती खोलीभर पसरलेली नव्हती. ती दोन ठिकाणी होती, बाथरूमचा उंबरा आणि जिना.

जे वापरत नाही ते मेंदूही सोडून देतो, हा दुसरा धोका. एडवर्ड टॉब यांनी माकडांवर दाखवलं होतं की संवेदना गेलेला हात माकड वापरेनासं होतं, पण चांगला हात बांधून ठेवला की तोच सोडून दिलेला हात पुन्हा कामाला लागतो. यावरूनच पुढे चांगल्या हाताला मोजा घालून ठेवायची थेरपी आली. अमेरिकेत तिची २२२ पेशंटवर मोठी चाचणी झाली, २००६ मधे निष्कर्ष आले, हाताचा वापर खरंच सुधारला. फिजिओ मॅडमनी आप्पांनाही थोडा वेळ तसा मोजा घालायला सांगितला. आप्पांनी तो नातवाला, म्हणजे माझ्या भाच्याला, विकेटकीपिंगला देऊन टाकला.

या काळात घरी नातेवाइकांची रीघ. प्रत्येकजण येऊन सांगायचा, "आप्पा, मनात आणा. विल पॉवर पाहिजे. आमच्या अमक्याला पॅरालिसिस झालता, महिन्यात गाडी चालवायला लागला." मला या वाक्याचा मनस्वी राग येतो. सेल्फ-एफिकसी म्हणजे विल पॉवर नाही. विल पॉवर म्हटलं की सगळं खापर पेशंटवर: तुम्ही उभे राहत नाही कारण तुम्ही मनात आणत नाही. खात्री अशी हवेतून येत नसते. छोटं काम जमलं की येते. तिसऱ्या वाटेने, म्हणजे नुसत्या सांगण्याने, ती थोडीच वाढते, आणि सांगणाऱ्याला ती पायरी माहीतच नसेल तर तेवढीही नाही.

आता माझी चूक. मी एक्सेल काढलं. (आयटीवाला दुसरं काय करणार.) रोज रात्री साडेनऊला पुण्याहून फोन, पाच कामं, पाच आकडे. तीन आठवड्यांत आलेख असा सुंदर चढला की अप्रेझलमधे दाखवावा. मग एका शनिवारी घरी गेलो तर आप्पा तिथेच, त्याच खुर्चीत. आईने हळूच सांगितलं, "तुझा फोन येणार म्हटलं की हे विचारतात, काल किती सांगितलं होतं?" रोज अर्धा गुण वाढवत होते. मुलाला बरं वाटावं म्हणून. जो आकडा मी औषधासारखा घेत होतो तो ते मला वाढदिवसाच्या पाकिटासारखा देत होते.

मग मी आप्पांनाच विचारलं की हे नीट कसं करायचं. शेवटी अंदाज सांगण्यातच त्यांची नोकरी गेली. म्हणाले, "हे बघ, गाडी येईल का विचारलं तर मी 'येईल' म्हणायचो. साडेआठला येईल असं मी कधी म्हटलं नाही. वेळ सांगायची असली तर मागच्या स्टँडला फोन लावायचा, सुटलीय का विचारायचं. तू मला रात्री खुर्चीत बसवून जिन्याचं विचारतोस. जिन्यावर विचार."

बांडुरांच्या सापाच्या प्रयोगात नेमकं हेच होतं, आधी अंदाज, लगेच कृती, पण ते माझ्या डोक्यात शिरायला वाहतूक नियंत्रक लागला. त्या दिवसापासून पद्धत बदलली. काम समोर असतानाच विचारायचं. आकडा घ्यायचा, काम करायचं, झालं की नाही एवढंच लिहायचं. सहा म्हणाले आणि दहापैकी दहा वेळा जमलं, तर त्यांचा अंदाज कमी पडतोय हे त्यांनाच दिसतं. दहा म्हणाले आणि पाय लटपटला तर तेही दिसतं. माझं ठाम मत आहे की एकदाच भरून फाइलला लावलेली प्रश्नावली पेशंटच्या फार कामाची नाही. संशोधनाला ठीक. पेशंटला आकडा आणि कृती यांची जोडी पाहिजे.

आणि प्रश्न फक्त पेशंटला विचारू नये. एका शनिवारी मी चौघांना वेगवेगळं विचारलं, आप्पा १८ पायऱ्या चढून एकटे वर येऊ शकतील का? फिजिओ मॅडम आठ. आप्पा तीन. मी चार. आई दोन.

आई दोन! आणि घरात दिवसभर त्यांच्याबरोबर कोण असतं? आईच. त्यांनी पेल्याकडे हात नेला की पेला हातात, सदरा घेतला की बटणं लावून तयार. "अहो, तुम्ही बसा, मी देते." यात प्रेमाशिवाय दुसरं काही नाही, पण बांडुरांची पहिली वाट आम्ही घरच्यांनीच बंद करून ठेवली होती. दिवसातून पन्नास वेळा त्यांना न बोलता कळत होतं की तुम्हाला जमणार नाही. त्यांच्या तीनमधे आईचे दोन मिसळलेले होते. आणि आईच्या दोनमधे ती रात्र, बाथरूममधलं रक्त. पुण्यात बसून मी तिला काय शिकवणार?

घरच्यांना शिकवलं की झालं, असंही म्हणता येत नाही. भारतातच एक मोठी चाचणी झाली, अटेंड नावाची. १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, घरच्या माणसाला पुनर्वसनाचं प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम. २०१७ मधे लॅन्सेटमधे निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत ४७ टक्के. काही फरक नाही. उलट स्वतःला सांभाळायला शिकवणाऱ्या कार्यक्रमांचा २०१६ चा कॉक्रेन आढावा म्हणतो की पेशंटचं जगणं काही अंशी सुधारतं, सेल्फ-एफिकसीही वाढल्याचं दिसतं, पण तिच्याबाबतचा पुरावा तितका भक्कम नाही. म्हणजे माझ्या मताला विज्ञानाचा पूर्ण शिक्का नाहीये. मला एवढंच वाटतं की घरच्यांना व्यायाम शिकवणं सोपं आहे, घरच्यांचे दोन बदलणं अवघड. आणि ते दोन आहेत हे तरी आधी कुणीतरी विचारायला पाहिजे.

चौघांच्या आकड्यांचा एक फायदा झाला. आठ आणि तीन यात एवढी तफावत का, म्हणून मी फिजिओ मॅडमना घरी यायची विनंती केली. त्या आल्या, जिन्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा कठडा एकाच बाजूला आहे." आमचा कठडा उतरताना उजव्या हाताला येतो. म्हणजे चढताना डाव्या. आप्पांचा डावा हात कठडा धरूच शकत नाही! त्यांच्या सेंटरमधल्या सरावाच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे. त्यांचे आठ त्या जिन्याचे होते. आप्पांचे तीन आपल्या घरच्या जिन्याचे, आणि ते बरोबर होते. महिनाभर आम्ही सगळे मिळून त्यांना घाबरट ठरवत होतो.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" मी चिडून विचारलं.

"तू किती ते विचारलंस," आप्पा म्हणाले. "का ते कुठं विचारलंस?"

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून भिंतीच्या बाजूने पाइप बसवून घेतला. मॅडमनी पाठ करून घेतलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी. बाथरूमच्या उंबऱ्याला पण एक दांडा बसला. आप्पांचा चढायचा आकडा एका दिवसात सहा झाला, एकही व्यायाम न वाढवता.

तर तो शनिवार. "पास व्हायला पस्तीस टक्के," मी म्हटलं. "मग चार लिही," आप्पा म्हणाले, आणि उतरायला लागले. वाईट पाय आधी. वळणावर दोन मिनिटं थांबले, खालच्या मजल्यावरच्या काकूंशी पावसावर बोलले. १८ उतरले, फाटकापर्यंत गेले, परत फिरून नवा पाइप धरत १८ चढले. एकूण चौदा मिनिटं. मी मागून, हात खिशात ठेवून (कारण बाहेर ठेवले की ते आपोआप पुढे जातात).

वर आल्यावर खुर्चीत बसले, घामाघूम. आईने पाण्याचा तांब्या आणला, द्यायला हात पुढे केला आणि मधेच थांबून तो टेबलावर ठेवला. त्यांनी स्वतः उचलून प्यायले. थोडं सदऱ्यावर सांडलं.

आता त्यांच्या डोक्यात प्रीतिसंगम आहे. रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाऊन बाकावर बसायचं हा त्यांचा नेम होता. रिक्षाने बागेच्या दारापर्यंत, पुढे चालत. मी काल विचारणार होतो, पण ते जिन्यावरच विचारायचं ठरलंय, त्यामुळे थांबलो. आईला मात्र विचारलं.

"पाच," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "पाऊस नसला तर."

एक्सेलमधे पावसासाठी एक कॉलम वाढवलाय.